डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी: यंदा नर्सरी, की एक वर्ष थांबावं?

कृष्णाकाठ

नमस्कार. आमची मुलगी १९ डिसेंबर २०२२ ची. आम्ही सांगलीत राहतो. घराजवळच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेचे जून २०२५ च्या नर्सरीचे फॉर्म निघालेत आणि महिनाअखेरपर्यंत भरून द्यायचा आहे. ३१ डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण होणारी मुलं चालतात, म्हणजे नियमाने ती बसते. पण शाळा सुरू होईल त्या दिवशी ती जेमतेम अडीच वर्षांची असेल आणि शेजारी जानेवारी-फेब्रुवारीतली, साडेतीनला टेकलेली मुलं बसतील.

ती बोलते भरपूर. "मी नाही येत, तू एकटीच जा" असं ठणकावून सांगते. गोष्ट ऐकते, पण तीच तीच मांजराची. जेवणात पहिले चार घास स्वतः खाते, पुढचे भरवावे लागतात. शू सांगते, पण फक्त मला किंवा सासूबाईंना. मागच्या महिन्यात एका लग्नात माझ्या जावेकडे होती, तर दुपारभर धरून बसली आणि शेवटी पोट दुखतंय म्हणून रडायला लागली. जावेने दोनदा विचारलं होतं, तरी नाही म्हणाली. आणि साडेअकराला तिचे डोळे मिटतात, ती झोप अजून सुटलेली नाही. शाळा नऊ ते साडेबारा आहे.

शाळा बघून आले. वर्गात अडतीस मुलं, एक टीचर, एक मावशी. पहिल्या सत्रात कॅपिटल एबीसीडी लिहिणं आणि वीसपर्यंत अंक, असं त्यांच्या कागदावर छापलेलं आहे.

यजमान बँकेत आहेत, ते म्हणतात उगाच वर्ष वाया का घालवायचं. सासऱ्यांचंही तेच, कारण शेजारची मुलगी जाणार आहे आणि ती हिच्याहून दोनच महिन्यांनी मोठी. माझी आई म्हणते थांब. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. यंदा थांबलो तर पुढच्या वर्षी वय जास्त म्हणून नाकारतील का, हीसुद्धा भीती आहे. ज्यांची मुलं अशी वर्षाच्या टोकाला जन्मलेली आहेत त्यांनी काय केलं, सांगाल का?

बाईंचा वर्ग

ताई, मी सातारा जिल्ह्यात वीसेक वर्षं बालवर्ग घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्यापुढे खरं तर दोन प्रश्न आहेत. लेक घराबाहेर दोन-तीन तास रमेल का, हा एक. ती कुठल्या इयत्तेच्या रांगेत उभी राहणार, हा दुसरा. शाळेच्या फॉर्मवर एका सहीत दोन्ही ठरून जातात, म्हणून आईबापांचा गोंधळ उडतो. दोन्ही वेगळे काढा. पहिल्याचं उत्तर यंदा "हो, थोडा वेळ" असं येऊ शकतं आणि दुसऱ्याचं "अजून नाही" असं.

रांगेचा हिशोब पहिलीपासून मागे करायचा. यंदा नर्सरीत घातली तर जून २०२८ ला ती पहिलीत जाईल, वय साडेपाच. थांबलात तर साडेसहा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते सहा हा पूर्वप्राथमिकचा काळ आणि सहा पूर्ण झाल्यावर पहिली, असं धरलंय. आपल्याकडे वय ३१ डिसेंबरला मोजतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरची लेकरं सहा व्हायच्या कितीतरी आधी पहिलीच्या बाकावर असतात. आणि ते किमान वय आहे. त्या वयाला दाखल केलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. पुढच्या वर्षी नाकारण्याची भीती नको: अगदी पंचवीस टक्के राखीव जागांच्या प्रवेशातसुद्धा नर्सरीला ३१ डिसेंबरला साधारण साडेचारपर्यंत चालतं, तुमची तेव्हा चारची असेल. तरी त्या शाळेच्या ऑफिसात एकदा विचारून घ्या, खाजगी शाळा आपापली मर्यादा लावतात.

आता हाताचं सांगते, कारण मला सर्वांत जास्त वाईट तिथे वाटतं. अडीच वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून अख्खा हात फिरवतं. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल जमतो, चौथ्याच्या सुमारास अधिकची खूण, चौकोन त्याच्यानंतर, आणि त्रिकोण पाचव्याच्या आसपास, कारण तिरकी रेघ सगळ्यांत उशिरा येते. इंग्रजीतलं पहिलंच अक्षर ए. दोन तिरक्या रेघा आणि मधे आडवी. म्हणजे जो हात अजून गोल शिकतोय त्याच्याकडून आपण पहिल्या महिन्यात त्रिकोण मागतो. पोर काढतं हो, बाईंना खूश करायला काढतं. अंगठा आत दुमडून, पेन्सिल तळव्यात आवळून, जीभ बाहेर काढून काढतं. ती पकड एकदा बसली की सुटता सुटत नाही. तिसरीतल्या मुलांची बोटं दुखतात ती त्यामुळे. माझ्या वर्गात सगळ्यांत धाकट्यांना मी कणीक, ओली माती, चिंचोके, कागद फाडणं एवढंच देते. चिंचोका चिमटीत उचलून बाटलीत टाकता येतो, त्या बोटांना पुढे पेन्सिल शिकवावी लागत नाही.

तयारी बघायची तर अक्षरांत बघू नका. तुम्ही स्वतः लिहिलंय तेच बघा. शू परक्या माणसाला सांगता येणं ही माझ्या लेखी पहिली गोष्ट. धरून ठेवणारी मुलगी अडतीस जणांत शांत दिसते, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही; आणि रोज असं धरून ठेवलं तर लघवीचा त्रास मागे लागतो. जावेकडे, मावशीकडे, रविवारी दोन तास ठेवा. निघताना जावेसमोरच सांगा, "शू आली की काकूला सांगायचं, काकू नेते." पुन्हा पुन्हा करा. महिन्या-दोन महिन्यांत सुटेल. चड्डी इलॅस्टिकची, बटण-नाडी काही नको.

दुसरं, डबा. दुकानातच तिच्या हातात देऊन क्लिप उघडते का बघा. आमच्याकडे जूनमध्ये दरवर्षी दोन-तीन लेकरं डबा पुढ्यात घेऊन नुसती बसलेली असतात. उघडत नाही आणि सांगताही येत नाही. मावशींचा हात तिच्यापर्यंत पोचेस्तोवर मधली सुट्टी संपते. पोळीचे तुकडे करून द्यायचे की गुंडाळी, ते घरी आधी करून बघा.

रडण्याला भिऊ नका. आई दिसेनाशी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थांबणारं, खेळाकडे वळणारं रडणं मी रडणं धरत नाही. पण दोन-तीन आठवडे उलटूनही मूल दिवसभर दाराकडे बघत बसतं, घरी येऊन जेवत नाही, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं, तेव्हा मी आईला बोलावून सांगते की काही महिने थांबू या. काही आयांना राग येतो, तरी सांगते.

आणि थांबायचं म्हणजे घरात मोबाइलसमोर बसवायचं नाही. जवळचा लहानसा खेळवर्ग बघा, दहा-पंधरा मुलांचा, दोन तासांचा, वह्या नसलेला. झोपेच्या आत घरी. डिसेंबरात तीन पूर्ण झाले की वॉर्डातल्या अंगणवाडीतही घेतील. तिथे जाऊन एकदा तासभर बसून या, सेविका चांगली असेल तर दुसरीकडे बघायची गरज नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला (आत्ताच्या पालघर जिल्ह्यातल्या) बोर्डीत आणि पुढे कोसबाडला काम उभं केलं तेव्हा आदिवासी पाड्यांवरची पोरं शाळेत येत नव्हती, कारण धाकट्या भावंडाला सांभाळायचं असे. तर यांनी पाड्यावरच, अंगणात वर्ग भरवला, आणि कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली. मूल जसं आहे तशी शाळा करायची, हे आपल्याच महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे. अडतीस मुलांना एक टीचर देऊन अडीच वर्षांच्या पोरीकडून वीसपर्यंत अंक लिहून घेणाऱ्या शाळेसाठी तुम्ही लेकीला तयार करत बसू नका.

खाडीपलीकडे

बाईंचं सगळं वाचलं, हाताबद्दलचं फार पटलं. पण मी माझी दुसरी बाजू सांगते, कारण माझी लेक २४ डिसेंबरची आणि आम्ही थांबलो नाही. आता पाचवीत आहे.

आम्ही ठाण्यात, दोघंही सकाळी आठच्या लोकलला. घरी आजी-आजोबा नाहीत. पाळणाघरात ती दहा-दहा तास होतीच, त्यामुळे परक्या बाईंना शू सांगणं वगैरे तिला दोन वर्षांचीच असताना यायला लागलं होतं. शाळा मराठी माध्यमाची, लहान, वर्गात वीसच्या आत मुलं आणि मोठ्या शिशूपर्यंत वही नाही. गाणी, मातीकाम, भातुकली. अशा ठिकाणी अडीच वर्षांची मुलगी बिचकली नाही.

धाकटेपणा जाणवला का? हो, दुसरीपर्यंत जाणवला. बुटाची लेस, मधल्या सुट्टीतलं पळणं, गोष्ट पुन्हा सांगणं, सगळ्यात ती शेवटी. बाई चांगल्या होत्या, "ही वर्गात सगळ्यांत धाकटी आहे" हे त्यांच्या रजिस्टरात नावापुढे लिहिलेलं होतं आणि त्या तसंच वागवायच्या. तिसरीनंतर मला फरक दिसत नाही. एक वर्षाची फी हाही आमच्यासाठी विचार होता, आणि तो विचार करण्यात काही वावगं आहे असं मला वाटत नाही. पाळणाघर आणि खेळवर्ग दोन्ही परवडणारं घर प्रत्येकाचं नसतं.

तेव्हा डिसेंबर म्हणजे थांबाच, असा सरसकट नियम करू नका. पण कृष्णाकाठ, तुम्ही लिहिलेल्या त्या शाळेत मीसुद्धा घातली नसती. छोटी, वह्या नसलेली शाळा सांगलीत असेल तर मुलीला तिथे घेऊन जा आणि ती तुमचा हात सोडून खेळाकडे जाते का बघा.

बदलीवाला बाप

यजमान बँकेत आहेत म्हणालात, म्हणून एक गोष्ट लिहितो. ती कुणी सांगत नाही आणि नंतर डोकं धरायची वेळ येते. बदली होणार का? सरकारी बँक असेल तर कधी ना कधी केंद्रीय विद्यालयाचा विचार कराल. तिथे २०२२-२३ पासून पहिलीला ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण लागतात, ३१ डिसेंबरला नव्हे. तुमची लेक ३१ मार्च २०२८ ला सव्वापाच वर्षांची असेल. इथे सांगलीत पहिली करून २०२९ मध्ये तिकडे दुसरीत न्यायची म्हणाल तर दुसरीला सात पूर्ण लागतात, ती असेल सव्वासहा. म्हणजे केलेली पहिली पुन्हा करायची. आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मुलाचं नोव्हेंबरच्या जन्मतारखेमुळे असंच झालं. बदली भोपाळला, सामान पोचलं, आणि पोराला सांगावं लागलं की तू पुन्हा पहिलीत बसायचं. सात वर्षांच्या आत असलेल्या मुलाला नापास झालो असंच वाटतं, कितीही समजावलं तरी. नर्सरीत वर्षभर थांबणं त्याला कळतही नाही.

आमचा धाकटा नोव्हेंबरचाच. त्याला आम्ही अडीचला खेळवर्गात आणि साडेतीनला नर्सरीत घातला. शाळेच्या ऑफिसातून सांगितलं की हा वयाने ज्युनियर केजीत बसतो. मी म्हटलं, बसतो, पण नर्सरीच द्या. लेखी अर्ज दिला. झालं काम.

"वर्ष वाया" म्हणणाऱ्यांना घरी हिशोब मांडून दाखवा. यंदा घातली तर दहावीची परीक्षा मार्च २०३८ ला, वय सव्वापंधरा. थांबलात तर सव्वासोळा. नोकरीत एका वर्षाने काय फरक पडतो ते मला माहीत आहे, मीही नोकरी करतो. काही लोक मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या वयाचं काढतात. तिथे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण लागतात आणि तुमची दोन्ही रस्त्यांनी त्यात बसते. तेव्हा त्या टोकाला काळजी करण्यासारखं काही नाही. काळजी आहे ती पहिली-दुसरीची.

यॉर्कशायरकर

इंग्लंडमधून लिहितोय. आमचा मुलगा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातला. इथे वर्गाची रेघ ३१ ऑगस्टला आहे. म्हणजे सप्टेंबरात रिसेप्शनचा, म्हणजे शाळेतला पहिला, वर्ग सुरू होतो तेव्हा आमचा नुकताच चार झालेला आणि शेजारचा दोनच आठवड्यांनी पाच होणारा. तुमच्या डिसेंबरचं जे, तेच आमच्या ऑगस्टचं.

इथे १ एप्रिल ते ३१ ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांसाठी एक सोय आहे. कायद्याने सक्तीचं शिक्षण पाच पूर्ण झाल्यानंतरच्या सत्रापासून लागू होतं, त्यामुळे या मुलांचे आईवडील वर्षभर थांबून पाचव्या वर्षी रिसेप्शनलाच घ्या असा अर्ज करू शकतात. मंजूर करायचा की नाही हे प्रवेश देणारी यंत्रणा ठरवते. आम्ही अर्ज केला नाही. बाईंनी लिहिलंय तसंच कारण होतं: वर्गात काय चालतं ते दोनदा जाऊन पाहिलं. वाळू, पाणी, लाकडी ठोकळे, बाहेर चिखलात खेळायला गमबूट. बसून लिहिण्याचा भाग थोडा. आणि पहिल्या सत्रात अर्धा दिवस न्यायची परवानगी मिळाली, कारण दुपारी तो झोपायचा.

एकच भर घालतो. शिक्षकांना मुलाची जन्मतारीख ठळक माहीत असू द्या. वर्गातल्या धाकट्या मुलांना चंचल, लक्ष न देणारी असा शिक्का जास्त बसतो. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या मुलांचा मोठा अभ्यास २०१२ मध्ये आला होता, त्यात वर्गात सर्वांत धाकटी असलेल्या डिसेंबरच्या मुलांना एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या आजाराचं) निदान जानेवारीच्या मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त झालेलं दिसलं. तिथली रेघही ३१ डिसेंबरच. आजार जन्ममहिन्याने येत नाही. अकरा महिन्यांनी लहान मूल अकरा महिन्यांनी लहान मुलासारखं वागत होतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बदलीवाला बाप यांचा केंद्रीय विद्यालयाचा मुद्दा यजमानांना वाचून दाखवला. ते सरकारी बँकेतच आहेत आणि तीन वर्षांत बदली ठरलेली आहे. त्यांनी कागद-पेन घेऊन स्वतः तारखा मांडल्या आणि म्हणाले, फॉर्म राहू दे. सासऱ्यांना अजून पटलेलं नाही, पण ते म्हणाले की खेळवर्गात मी सोडायला जातो.

काल जावेकडे सोडलं होतं. जाताना बाईंनी सांगितलेलं वाक्य जावेसमोर म्हटलं. दीड तासाने तिने काकूचा पदर ओढला, बोलली काही नाही. काकू समजली. विश्रामबागजवळ एक खेळवर्ग बघितलाय, बारा मुलं, दहा ते बारा. साडेअकराच्या झोपेचं काय करू? आणि बाई, पुढच्या वर्षीसाठी आत्तापासून काही कागद करून ठेवायला हवेत का?

बाईंचा वर्ग

पदर ओढला म्हणजे सांगितलंच की. शब्द येतील. काकूला म्हणावं, पुढच्या वेळी "शू आली का गं?" असं तिच्यासाठी म्हण, म्हणजे ती तेच उचलेल.

झोपेसाठी सकाळी उठवणं लवकर करू नका. उलट आत्तापासून दुपारची झोप आठवड्याला दहा-पंधरा मिनिटांनी पुढे सरकवा. साडेअकराची साडेबारा व्हायला जूनपर्यंत पुष्कळ वेळ आहे. पहिले काही दिवस अकरालाच आणा, बाराचा हट्ट नको. खेळवर्गाच्या बाई त्याला नाही म्हणाल्या तर तो खेळवर्ग बदला.

कागदाचं म्हणाल तर जन्मदाखला काढून बघा. त्यावर बाळाचं नाव चढलेलं आहे ना? पुष्कळ दाखल्यांवर नुसतं "स्त्री" लिहिलेलं असतं आणि नावाची जागा रिकामी असते, आईबापांना ते प्रवेशाच्या दिवशी खिडकीवर कळतं. नसेल तर जिथे जन्माची नोंद झाली त्या महापालिकेत अर्ज देऊन नाव चढवून घ्या. आधार काढलं असेल तर दोन्हीकडे नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का, तेही आत्ताच जुळवून घ्या. लसीकरणाचं कार्ड त्याच फाइलला लावा.